महाराजांच्या गळ्याचं कपाट

“हेही कपाट नालायक!” रत्नोजीराव महाराज गरजले. “माझा आवाज पुन्हा फाटकाच निघाला! कुणी केलं हे?”

जांभूळगड संस्थानात हा तिसरा सुतार होता. महाराजांनी विलायतेहून ग्रामोफोन मागवला होता आणि हौसेनं आपल्या गाण्याची तबकडीही करून घेतली होती. तबकडी लावली की ग्रामोफोनमधून असा आवाज यायचा, जणू कुणीतरी पत्र्यावरून खाट ओढत नेतोय. गाणं वाईट आहे असं महाराजांना वाटणं शक्यच नव्हतं, त्यामुळे दोष ग्रामोफोन ठेवायच्या कपाटाचा ठरला. आंब्याचं कपाट करणारा सुतार हद्दपार झाला, शिसवीचं करणाराही झाला. आता सागवानी कपाट करणारा केरबा हात जोडून उभा होता. सोबत त्याची मुलगी भागी होती. रंधा मारण्यापासून पॉलिशपर्यंत बापाचं सगळं काम तिला येत होतं. फक्त बापासारखं गप्प राहणं काही तिला येत नव्हतं.

“महाराज,” भागी म्हणाली, “मघाशी याच कपाटात त्या ठुमरीवाल्या बाईंची तबकडी लावली होती. ती तर गोड वाजली!”

खासगी कारभारी तात्यासाहेब गुळवे लगेच पुढे सरसावले. “अगं, ती बाई सामान्य! तिचा आवाज कसल्याही लाकडाला पेलतो. महाराजांचा थोर आवाज पेलायला लाकूडही तसंच थोर हवं! या लाकडाच्या झाडावर नक्की कावळे बसत असणार.”

“शंभर वर्षं कावळे बसले तरी झाड काव काव करत नाही, साहेब,” भागी म्हणाली. “ती सवय माणसांनाच लागते!”

गुळव्यांच्या मागे उभे असलेले दोन मानकरी खोकले. ते हसू होतं की खोकला, हे त्यांनी स्वतःलाही कळू दिलं नाही.

“पुरे!” महाराजांनी केरब्याकडे बोट दाखवलं. “दसऱ्याच्या आत असं कपाट कर, की माझं गाणं ऐकायला बसलेल्याच्या तोंडून ‘वाहवा’ निघालीच पाहिजे! नाही निघाली, तर तुझी हत्यारं जप्त आणि तू हद्दीबाहेर!”

घरी आल्यावर केरबा कपाळाला हात लावून बसला. “पोरी, मी लाकूड तासू शकतो. गळा कसा तासू?”

“गळ्याला हात लावायचाच नाही, बाबा,” भागी म्हणाली. “कपाट जरा मोठं करू.”

जरा मोठं म्हणजे किती, ते दसऱ्याच्या दरबारात दिसलं. आठ हमालांनी धापा टाकत आणलेलं ते सागवानी कपाट एखाद्या खोलीएवढं होतं. आत गादी घातलेला बाक होता, बाहेर भक्कम दार होतं आणि दाराच्या कडांना लोकरीचा जाड नमदा ठोकला होता.

“एवढा मोठा ग्रामोफोन आहे का माझा?” महाराज चिडले.

“ग्रामोफोन बाहेरच राहील, महाराज,” भागी म्हणाली. “हे कपाट ऐकणाऱ्यांसाठी आहे! आपल्या दरबारातल्या सगळ्यांत मोठ्या जाणकारांना आत बसवा.”

गुळवे सर्वांत आधी आत घुसले. महाराजांचं गाणं उघड्यावर ऐकण्यापेक्षा ते कुठंही बसायला तयार होते. पाठोपाठ दोन्ही मानकरी एकमेकांना ढकलत शिरले. भागीनं दार लावलं आणि महाराजांची तबकडी उचलून त्यांच्याच हातात दिली.

“ही जरा धरता का, महाराज?”

“अगं, पण ही वाजवायची ना?”

भागीनं नुसतं ओठांवर बोट ठेवलं. आजवर महाराजांना कुणी असं गप्प केलं नव्हतं, त्यामुळे नवलानं ते गप्पच राहिले. दरबारात कुणी जागचं हललं नाही. एक अख्खं गाणं होईल एवढा वेळ गेल्यावर भागीनं दार उघडलं.

गुळवे घामाचे ओघळ पुसत बाहेर आले. “वाहवा, महाराज! वाहवा! डोळ्यांतलं पाणी थांबेना!”

“आज काय तो आवाज लागला होता!” एक मानकरी म्हणाला.

“आणि कपाट काय आहे! एकेक सूर कानात पडत होता!” दुसरा म्हणाला.

महाराजांनी हातातल्या तबकडीकडे पाहिलं, मग गुळव्यांकडे. “तात्यासाहेब, कुठली जागा जास्त आवडली?”

“ती शेवटची तान, महाराज! वरच्या सुरावर ठेवलीत ना, ती! अंगावर काटा आला!”

महाराजांनी सावकाश तबकडी वर धरली. गुळवे पुन्हा घाम पुसू लागले. दोन्ही मानकरी एक एक पाऊल मागे सरकत पुन्हा कपाटात जाऊन बसले.

“पोरी,” महाराज दरडावून म्हणाले, “गाणं वाजलंच नाही आणि म्हणे कपाट जमलं?”

“आपला हुकूम असा होता, महाराज, की गाणं ऐकायला बसलेल्याच्या तोंडून वाहवा निघाली पाहिजे. तिघांच्या तोंडून निघाली! आपलं गाणं हे लोक इतकी वर्षं असंच ऐकत आलेत.”

महाराजांनी तबकडी बाजूला ठेवली. मग त्यांनी आवाज खाली आणला. “आता तूच खरं सांग. माझा गळा कसा आहे?”

केरब्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.

“महाराज,” भागी म्हणाली, “म्हणून तर फळ्या दुहेरी घातल्या!”

मग महाराज असे खदखदून हसले, की फेटा सुटून गळ्यात आला. त्यांचं हसू मात्र खरोखर सुरेल होतं!

हद्दपार झालेले दोन्ही सुतार त्याच दिवशी परत बोलावले गेले. राजवाड्याचं सगळं लाकूडकाम केरबा आणि भागीकडे आलं, वर सागाचं एक रानही मिळालं. आणि तात्यासाहेब गुळव्यांना नवी कामगिरी मिळाली. रोज दुपारी जेवण झालं, की ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर बसून महाराजांची तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. कपाटाबाहेर बसून!