लालतोंड्यांच्या बेटावर आलेला कोल्हा

मुलांनो, खूप दूर पूर्वेच्या समुद्रात एक डोंगराळ बेट होते. त्या बेटावर लालतोंडी माकडे मोठ्या आनंदात राहत असत. थंडीत डोंगरावर बर्फ पडे. पण पायथ्याशी गरम पाण्याचे एक कुंड होते. माकडे त्यात गळ्यापर्यंत बुडून बसत आणि फळे खात गप्पा मारत. सगळ्यांत म्हातारी माकडीण ही त्यांची प्रमुख. तिला सगळे आजी म्हणत. किनाऱ्यावर पहारा करायला एक खेकडा होता. त्याचा कोणावरच विश्वास नसे. दलदलीत एक बगळा राही. त्याला नवे दिसेल ते सगळेच आवडे.

एके दिवशी पश्चिमेकडून एक तराफा आला. त्याला झाडाच्या साली विणून केलेले शीड होते आणि शिडाखाली एक झुपकेदार शेपटीचा कोल्हा उभा होता. वाळूत उडी मारून त्याने शेपटी उंच धरली आणि वाटेतल्या बेटांवर उचललेल्या मोडक्यातोडक्या शब्दांत ओरडला, "हे बेट! मी शोध लावला!"

आजीने कुंडातून मान वर काढली. "बरं झालं हो," ती म्हणाली, "आम्ही हरवलोय हे आम्हाला ठाऊकच नव्हतं!"

माकडे पाण्यावर हात आपटून आपटून हसली. कोल्हा आधी गोरामोरा झाला, मग त्यालाही हसू फुटले. हसला नाही तो एकटा खेकडा. "आजी, याला आत्ताच्या आत्ता परत पाठवा," तो म्हणाला. "आज एक आलाय, उद्या शंभर येतील. मग कुंडात ते बसतील आणि बर्फात आपण!"

"काहीतरीच तुझं!" बगळा म्हणाला. "केवढं ते शीड, केवढी ती शेपटी! आपलं सगळं टाकावं आणि याच्यासारखं व्हावं." आणि खरोखरच त्याने गवताची लांब शेपटी बांधली. ती भिजून इतकी जड झाली, की तो मासा पकडायला वाकला आणि तोंडावर आपटला. तरी शेपटी काही सोडीना.

आजीने दोघांचेही ऐकून घेतले. मग ती कोल्ह्याला म्हणाली, "खाडीतल्या त्या खडकावर राहा. खायला-प्यायला आम्ही देऊ. बेटावर यायचं ते विचारून. आणि आम्हाला तुझी भाषा शिकवायची, तराफा बांधायलाही शिकवायचं."

"एवढा मोठा मी, आणि एवढासा खडक!" कोल्हा कुरकुरला. पण पोटात भूक होती, म्हणून कबूल झाला.

आजी रोज खडकावर जाऊ लागली. कोल्ह्यांच्या भाषेत "दोर ओढ" म्हणायला जाई आणि "मिशी ओढ" म्हणून बसे. कोल्हा लोळून लोळून हसे. हळूहळू तिची जीभ वळली. माकडे गाठी मारायला शिकली, शिडे विणू लागली. एका कडाक्याच्या थंडीत कोल्हा घरच्या आठवणीने रडू लागला, तेव्हा आजीने स्वतःच त्याला कुंडात आणून बसवले.

वसंतात पश्चिमेकडे शिडेच शिडे दिसू लागली. कोल्ह्याने आनंदाने उडी मारली. पण लगेच त्याचा चेहरा उतरला. "आजी, ही आमचीच मंडळी," तो म्हणाला. "पण आमचा नायक दिसेल ते आपलंच म्हणतो. आणि वारा त्यांना सरळ बुडालेल्या खडकांवर नेतोय!"

"आपटू देत!" खेकडा नांग्या आपटत म्हणाला. "आपलं काम समुद्रच करतोय."

आजीने क्षणभर त्या शिडांकडे पाहिले. मग ती ओरडली, "तराफे काढा!"

माकडांचे तराफे लाटांवर उसळत निघाले. पुढच्या तराफ्यावर आजी आणि तिच्याशेजारी कोल्हा. खडकांजवळ पोचताच आजीने कोल्ह्यांच्या भाषेत हाक दिली, "शिडं उतरवा! पुढे खडक आहेत! आमच्या मागून या!" माकडाच्या तोंडून आपली भाषा ऐकून कोल्हे थक्क झाले, पण शिडे झटकन उतरली. माकडांच्या मागोमाग एकेक तराफा सुखरूप खाडीत शिरला.

किनाऱ्यावर पाय टेकताच त्यांच्या नायकाने मान खाली घातली. "खरं सांगतो, आम्ही हे बेट घ्यायला आलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही आम्हाला बुडू का दिलं नाही?"

"तुम्ही बुडाला असता तर एवढ्या कष्टाने शिकलेली तुमची भाषा मी बोलणार कुणाशी?" आजी म्हणाली. "चला, कुंडात बसा, फळं खा. पण पाहुणे म्हणून. पाहुण्याने परत जायचं असतं."

नायक हसला आणि त्याने ते मान्य केले. त्या दिवशी कुंडात इतकी गर्दी झाली, की पाणी काठावरून वाहू लागले. कोल्ह्यांनी दूरदूरच्या बियाण्यांच्या पिशव्या दिल्या, माकडांनी फळांच्या टोपल्या भरल्या. दोघांच्याही गाण्यांनी डोंगर दुमदुमला.

खेकडा तिरपा तिरपा चालत कोल्ह्याजवळ आला आणि पुटपुटला, "तुमच्या भाषेत 'थांबा' कसं म्हणतात, तेवढं मला शिकव."

कोल्ह्याने शिकवले आणि विचारले, "आणि 'या' कसं म्हणतात, ते?"

खेकड्याने थोडा विचार केला. "तेही शिकव," तो म्हणाला, "पण हळू आवाजात."

तात्पर्य : परक्याला भिऊन दार लावून घेऊ नये आणि त्याच्यावर भाळून घरही त्याच्या हाती देऊ नये, त्याच्याकडचे चांगले शिकावे, आपले जपावे, म्हणजे त्याच्याशी बरोबरीने बोलता येते.