खार, मोर आणि जंगलाची वेबसाइट

एका डोंगराळ जंगलात, नदीकाठच्या मोहाच्या ढोलीत एक खार राहत असे. साऱ्या जंगलाची वेबसाइट सांभाळणे हे तिचे काम. कोणत्या डोहात पाणी उरले आहे, कोणत्या वाटेवर शिकाऱ्यांनी फास लावले आहेत, वणवा कुठे पेटला आहे, हे ज्याला दिसेल तो प्राणी तिथे लिही आणि बाकीचे सारे आपापल्या कळपातल्या पडद्यावर ते वाचत. मुलांनो, भर उन्हाळ्यात अशा एका बातमीवर अख्ख्या कळपाचा जीव अवलंबून असे.

पण ती वेबसाइट आता फार जुनी झाली होती. पान उघडेपर्यंत तहानलेली चितळे पाय आपटत उभी राहत. लहान पडद्यावर अक्षरे एकमेकांवर चढत. शिवाय तिच्या जुनाट सॉफ्टवेअरमध्ये एक पळवाट राहून गेली होती आणि ती एका कोल्ह्याला सापडली. त्यातून आत शिरून त्याने एके दिवशी दुसऱ्याच्या नावाने लिहिले, 'वरचा तलाव आटला. खालच्या ओढ्यावर या.' खालच्या ओढ्यावर झुडपांत कोल्ह्यांची टोळी दबा धरून बसली होती. त्या दिवशी चितळाचे एक पाडस कसेबसे वाचले.

मग सभा भरली. सॉफ्टवेअर खारीने बदलायचे आणि वेबसाइटचे रूप, म्हणजे तिची थीम, मोराने नवी करायची असे ठरले. रंगांची जाण मोराला होतीच. पाण्यासाठी निळा, धोक्यासाठी लालभडक, आणि कडेने पिसाऱ्याची नक्षी! थीम तयार होताच तो तुरा हलवत मोहापाशी आला.

"खारूताई, चला, आत्ताच लावून टाकू!"

"लगेच नको, मोरभाऊ. आधी सगळ्याची प्रत काढू. बदल त्या प्रतीवर करून पाहू. ठीक चाललं, तर मग खऱ्या वेबसाइटवर."

"जुन्या बातम्या हव्यात कशाला? गेल्या साली आटलेलं पाणी आता कोण पिणार आहे?"

खार प्रत काढू लागली आणि तिची झुपकेदार शेपटी एकाएकी थबकली. रोजच्या रोज येणाऱ्या बातम्या तिने पाहिल्या होत्या, पण सगळ्या एकत्र अशा कधीच पाहिल्या नव्हत्या. कुण्या अस्वलाने फार पूर्वीच्या दुष्काळात लिहिले होते, 'नदीच्या कोरड्या पात्रात कातळाच्या सावलीत उकरा. पाणी लागतं.' एका वाघाने लिहिले होते, 'बांबूच्या बनात फास आहेत. माझा पाय गेला. तुम्ही जाऊ नका.' लिहिणारे कितीतरी जण आता या जगात नव्हते. ज्यांना कधी पाहिलेही नव्हते, त्यांच्यासाठी ते लिहून गेले होते.

"केवढं आहे हे!" खार पुटपुटली. "आणि हे सगळं आपल्या हातात!"

तिने प्रत दुसऱ्या जागी ठेवली, उघडून पाहिली आणि काही राहिले नाही ना याची खात्री केली. मगच त्या प्रतीवर नवे सॉफ्टवेअर चढवले आणि मोराची थीम लावली.

पडदा पांढराफटक झाला. एक अक्षर नाही, एक रंग नाही.

मोराची मान आखडली. "हे... हे काय झालं?"

तेवढ्यात नदीपलीकडच्या कड्यावरून वानराची हाक आली. खऱ्या वेबसाइटवर त्याने लिहिलेली बातमी झळकली, 'पूर्वेला वणवा. वारा खाली वाहतोय. पूर्वेकडच्या सगळ्यांनी नदी ओलांडा!' जुनी वेबसाइट कुरकुरत उघडली, पण उघडली. बघता बघता पलीकडच्या रानातून कळपच्या कळप बाहेर पडले. सांबर, गवे, रानडुकरे, पाठीवर पिल्ले घेतलेली अस्वले, आणि हो, ते कोल्हेसुद्धा! कुणी कुणाच्या वाटेला गेले नाही. मागे धुराची भिंत उभी होती आणि पुढे सारे जंगल एकत्र नदी उतरत होते. खार आणि मोर श्वास रोखून पाहत राहिले.

मोराने एकदा तो कोरा पडदा पाहिला, एकदा नदी पाहिली. "खारूताई," तो हळूच म्हणाला, "हे आपण खऱ्या वेबसाइटवर केलं असतं तर?"



वणवा विझल्यावर दोघे पुन्हा कामाला बसले. पाण्याची पातळी दाखवणारा एक जुना भाग नव्या सॉफ्टवेअरशी जुळत नव्हता; तो खारीने बदलला. कोल्ह्याची पळवाट बंद झाली. मुंगसाने आपल्या इवल्याशा पडद्यावर सगळी पाने उघडून पाहिली. म्हाताऱ्या सांबराला अक्षरे नीट दिसेनात, तेव्हा मोराने स्वतःहून पिसाऱ्याची नक्षी काढून टाकली आणि अक्षरे मोठी केली. मग खारीने वणव्याच्या बातमीसकट पुन्हा एक ताजी प्रत काढली, सर्वांना आधी कळवले आणि सारे सावलीत विसावलेले असताना एका दुपारी नवी वेबसाइट सुरू केली.

पापणी लवायच्या आत पान उघडले. निळ्या रेघांतून डोह, झरे, तलाव चमकू लागले. मोहाखाली प्राणी जमले. कळपातली पाडसे पुढे सरकून त्या निळ्या रंगाला नाक लावून पाहत होती.

"काय सुंदर रंग आहेत, मोरभाऊ!" एक हरिणी म्हणाली.

मोराचे लक्ष रंगांकडे नव्हते. त्याने खारीला विचारले, "जुन्या बातम्या आल्या ना सगळ्या?"

खार पान खाली सरकवत गेली, सरकवतच गेली. मग तिने मान वर केली. "सगळ्या," ती म्हणाली.

तात्पर्य : ज्यावर अनेकांचा जीव विसंबून आहे, ते जुने झाले तर नवे जरूर करावे, पण आधी त्याची प्रत जपावी आणि प्रत्येक बदल वेगळ्या जागी पारखून घ्यावा.