चालतं सिंहासन आणि धुरपा बोहारीण

"कोणी ठेवली ही भांडी माझ्या वाटेत?" महाराज उग्रधवल गरजले.

भांडी वाटेत नव्हतीच. ती रस्त्याच्या कडेला नीट रचून ठेवलेली होती. वाट सोडून महाराजच त्यांच्यात घुसले होते, तेही सिंहासनासकट! महाराजांनी बॅटरीवर चालणारं सिंहासन बनवून घेतलं होतं. खाली चार चाकं, पाठीमागे बॅटरी. पायाने कळ दाबली की ते सुटे आणि बसणारा ज्या अंगाला कलला त्या अंगाला वळे. हात दोन्ही मोकळे! आणि मोकळ्या हातांत काय असणार? मोबाइल. त्यावर महाराज रंगीत फुगे फोडत. त्या एका आठवड्यात त्यांनी तीनशे फुगे, दोन भाजीच्या हातगाड्या आणि एका न्हाव्याचा आरसा फोडला होता.

भांडी होती धुरपा बोहारणीची. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात नवी भांडी द्यायची, हा तिचा धंदा. चेपलेलं पातेलं उचलत ती म्हणाली, "म्हाराज, भांड्यास्नी पाय नसत्यात. ती कशी येतील वाटेत? तुमीच मोबाइलात व्हता!"

"खोटं! माझा एक डोळा मोबाइलवर असतो आणि दुसरा रस्त्यावर. माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही!" महाराज मागे वळले. कारभारी धापा टाकत आत्ता कुठे पोचत होते. "कारभारी, लिहा! सोमवारपासून या रस्त्यावर एकही फेरीवाला, हातगाडीवाला, डोक्यावर पाटी घेतलेला माणूस दिसता कामा नये!"

शहरातली सगळी वस्ती याच रस्त्याला. रस्ता बंद म्हणजे धंदा बंद, आणि धंदा बंद म्हणजे चूल बंद. पण जिने जन्मभर भल्याभल्या मालकिणींशी 'अजून एक साडी टाका' म्हणत सौदे केले, ती राजाला काय घाबरणार?

"म्हाराज, तुमाला रस्त्यावरचं दिसत न्हाई हे म्या दाखवून दिलं तर?"

"दाखवच!" महाराज हट्टाला पेटले. "उद्या मी राजवाड्यापासून चौकापर्यंत मोबाइल बघत येईन. मला कळणार नाही असं काहीतरी करून दाखव. पण सिंहासन थांबवायचं नाही, मोबाइलला हात लावायचा नाही, आणि जे करशील ते माझ्यासमोर, मला विचारून! जमलं तर हुकूम रद्द. नाही जमलं तर भांड्यांसकट राज्याबाहेर!"

"विचारून करायचं आणि कळूही द्यायचं नाही? हे कसं जमावं!" कारभारी पुटपुटले.

"जमंल की," धुरपा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सिंहासन राजवाड्यातून निघालं. दोन्ही बाजूंना ही गर्दी! महाराजांची मान खाली, फुगे फटाफट फुटतायत. बाजारातून सिंहासन हळूहळू सरकत होतं आणि शेजारून धुरपा चालत होती.

"म्हाराज, ह्यो शेला इटलाय. टाका की! बदल्यात आमटी वाढायचा डाव देते."

"हं."

शेला गाठोड्यात, डाव महाराजांच्या मांडीवर.

"पागोटं बी टाका. त्याच्यावर ह्ये पातेलं."

"हं, हं. घे." महाराजांनी डोकं पुढे केलं. पागोटं उतरलं, पातेलं बसलं. नेमकं मापाचं निघालं!

"अंगरख्यावर कढई देते. पन एवढ्यावर परवडत न्हाई, म्हाराज. धोतर बी लागंल."

"फार मागतेस बुवा!" महाराज मोबाइलमधूनच बोलले. "मग वर चिमटा दे."

"घ्या चिमटा!"

महाराजांनी अंगरखा काढून दिला, जरा बूड उचललं आणि धोतरही सोडलं. तेवढ्यात सिंहासन चौकात पोचलं आणि सगळा चौक खो खो हसत सुटला.

महाराजांनी मान वर केली. मग खाली पाहिलं. अंगात जाळीचा बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि मांडीवर कढई!

"चोरी! दरोडा!" महाराज किंचाळले.

"चोरी कसली? तुमास्नी इचारून सौदा केला. चिमटा तर तुमीच मागून घेतला!"

महाराज लालबुंद झाले. पण हरतील तर ते महाराज कसले! "मला सगळं दिसत होतं," ते ताठ बसून म्हणाले. "मी मुद्दामच दिलं. तू हरलीस!"

राजाचा शब्द खोटा कोण ठरवणार?

धुरपाने मात्र शांतपणे गाठोडं डोक्यावर घेतलं. "बरं म्हाराज. हारले. जाते राज्याबाहेर."

"अगं, थांब! माझे कपडे?"

"कपडे माझे आन् भांडी तुमची. बघून-सवरून केलेला सौदा आमी बोहारणी मोडत न्हाई. पन तुमाला दिसतच नसंल, तर सौदाच झाला न्हाई. मग घ्या कपडे आन् द्या माझी भांडी. बोला म्हाराज, दिसत व्हतं का न्हवतं? जरा बिगीनं सांगा, वारं सुटलंय!"

महाराजांनी आपल्या उघड्या गुडघ्यांकडे पाहिलं, लांबच लांब राजवाड्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. ते असे गदागदा हसले की पातेलं घसरून नाकावर आलं.

"नव्हतं गं बाई, नव्हतं! काहीसुद्धा दिसत नव्हतं! आण ते धोतर!"

कारभाऱ्यांनी तिथल्या तिथे हुकूम फाडला. धोतर नेसून होताच महाराज म्हणाले, "धुरपा, बक्षीस माग!"

"ह्ये सिंहासन द्या. भांडी वाहून मान मोडली माझी."

"दिलं!" महाराज हसतच खाली उतरले.

धुरपाने सिंहासनावर भांडी रचली. मग तिने महाराजांच्या हाताकडे पाहिलं. "आता पायी जायचं तर त्यो मोबाइल कशाला? टाका इकडं. बदल्यात झारा देते."

महाराजांनी मोबाइल छातीशी घट्ट धरला. हातगाडीवाले, फेरीवाले, कारभारी, सगळे श्वास रोखून बघत राहिले. महाराजांनी एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा झाऱ्याकडे, आणि मोठ्याने हसत म्हणाले,

"एका झाऱ्यावर नाही परवडत. दोन टाक!"