बिनचुलीचे लाडू

आलात का? या, सरका जरा. कान्हू, पाय पांघरुणात घे. ओवी, डोकं माझ्या मांडीवर नको गं, मुंग्या येतात पायाला. उशीवर ठेव. हां, अस्सं. आता ऐका.

काड्यापेटी अजून कुणी पाहिलीच नव्हती ना, त्या काळातली ही गोष्ट. केवडनगर नावाचं एक नगर होतं आणि तिथे तुंगराज नावाचा राजा राज्य करायचा. राजा मनाने वाईट नव्हता, बरं का. पण त्याला सगळं खाणं गरम लागायचं. वाफाळता भात, वाफाळतं वरण, जिलबी तर कढईतून थेट ताटात. जरा कुठे निवलं की राजा ताट पुढे सरकवायचा. म्हणायचा, "हे काय शिळं वाढलंय?"

मग राजाचं बघून सगळ्या नगराला तीच सवय लागली. पहाटेपासून घरोघरी चुली पेटायच्या, त्या दिवे लागेपर्यंत पेटलेल्याच.

आणि या सगळ्या चुलींची आई राजवाड्याच्या मुदपाकखान्यात होती. मुदपाकखाना म्हणजे राजाचं स्वयंपाकघर. तिथल्या मोठ्या दगडी चुलीत इंगळाबाई राहायची. इंगळाबाई म्हणजे विस्तवच, पण बोलणारा. लालभडक लुगडं आणि त्याला पिवळा काठ. नगरातल्या बाया रोज सकाळी यायच्या, तिच्याकडून एकेक निखारा मागून न्यायच्या आणि आपली चूल पेटवायच्या. केवडनगरात दुसरी आग म्हणून नव्हतीच.

एकदा काय झालं, राजा जेवायला बसला. त्याने शिऱ्याचा घास घेतला आणि तो थबकला. शिरा कोमट होता!

राजा ताडकन उठला. तरातरा मुदपाकखान्यात गेला. आचारी भिंतीला चिकटून उभे राहिले. राजा चुलीपुढे जाऊन ओरडला, "इंगळाबाई, आमचा शिरा कोमट का?"

इंगळाबाई चुलीतून म्हणाली, "राजा, दमले रे मी. पहाटेपासून जळतेय. घटकाभर टेकू दे मला."

"आमच्या राज्यात चूल टेकत नाही!" राजा म्हणाला. आणि बाजूला पाण्याची भरलेली घागर होती, ती त्याने उचलली.

काय केलं असेल त्याने? होय कान्हू, ओतली. अख्खी घागर.

चर्रर्र झालं! मुदपाकखाना धुराने भरून गेला. राणी हेमांगी धावत आली, तिने तोंडावर हातच धरला. सगळे आचारी आ वासून बघत राहिले. कारण धूर निवळला तर चुलीत इंगळाबाई नव्हती. नुसती ओली राख.

आणि त्याच क्षणी, बरं का, नगरातल्या सगळ्या चुली विझल्या. फुलून आलेल्या भाकऱ्या तव्यावर तशाच बसल्या. कुंभाराची भट्टी थंड पडली. देवळातला दिवा विझला. माणसं रस्त्यावर आली. कुणी कुणाशी बोलेना. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "अगं बाई! आमच्या घरात कुणी गेलं का काय?" घरात कुणी गेलं की चूल पेटवत नाहीत ना, म्हणून तिला तसं वाटलं.

राजाही मनातून हबकला होता. पण राजा ना तो! म्हणाला, "त्यात काय? दुसरी आग आणू."

मग शिपायांनी गारगोट्या आणल्या. घासल्या, घासल्या, बोटं सोलून निघाली. ठिणगी उडायची आणि हवेतच काळी पडायची. असं कधी कुणी पाहिलंच नव्हतं.

मग शेजारच्या राज्यातून पेटत्या मशाली आणायला घोडेस्वार गेले. मशाली अशा धडधडत येत होत्या! पण केवडनगरची वेस लागली आणि फू. जणू कुणीतरी फुंकर मारली. सगळ्या मशाली एकदम विझल्या. घोडेसुद्धा बिचकले.

मग प्रधानजींनी खजिन्यातला सूर्यकांत मणी काढला. त्यातून उन्हाचा ठिपका कापसावर धरला. ऊन रखरखीत, मणी लखलखीत, सगळी माणसं श्वास रोखून उभी. कापूस गरमसुद्धा झाला नाही. प्रधानजींनी त्याला बोट लावून पाहिलं आणि झटकन मागे घेतलं. कापूस बर्फासारखा गार होता.

आता आली का पंचाईत! कोठारात तांदूळ पोत्यांनी, ज्वारी कणग्यांनी. पण शिजवणार कशावर? झाडांवरचे पेरू संपले. केळी संपली. नुसत्या गूळ-खोबऱ्याने, खजुराने पोट भरेना. दूध होतं, ते तान्ह्या बाळांना दिलं. कुणी कच्चे तांदूळ चावले, त्यांची पोटं दुखली. आधी मुलं रडायची. मग एके सकाळी सगळ्या नगराच्या लक्षात आलं की मुलांचा आवाजच येत नाहीये. रडायलाही जोर लागतो ना रे बाळांनो.

राजाची मुलगी होती मंजुळा, आपल्या ओवीएवढी. ती खिडकीत बसली होती. राणीने तिला कुशीत घेतलं, तर ती कापसासारखी हलकी लागली. मंजुळा म्हणाली, "आई, तो आवाज कसला गं?"

राणीने कान दिला. करं-करं, करं-करं. कुणीतरी मजेत खात होतं!

राणी आवाजाच्या मागे निघाली. जिना उतरली, अंगण ओलांडलं आणि घोड्यांच्या पागेत शिरली. राणी आणि पागेत! घोडे सांभाळणारा मोतद्दार दचकून उभाच राहिला. तिथे दूरदेशीचे घोडे तोबऱ्यात तोंड घालून खात होते. तोबरा म्हणजे घोड्याच्या गळ्यात अडकवतात ती खाण्याची पिशवी. घोडे कसे गुबगुबीत, तुकतुकीत!

"काय खातात रे हे?" राणीने विचारलं.

"ओट, राणीसाहेब," मोतद्दार म्हणाला. "घोड्यांबरोबर जहाजातून आलेत. तिकडेच वाफवून, दाबून चपटे करतात. इकडे शिजवावं लागत नाही काही."

तुमची आई सकाळी वाटीत दूध घालून खाते ना, तेच ओट्स, बरं का. पण केवडनगरात ते घोड्याचं खाणं.

राणीने पोत्यात हात घातला. मूठ भरली. आणि तोंडात टाकली!

मोतद्दाराच्या हातातला घोडा घासायचा खरारा खाली पडला. राणी चावत राहिली, चावत राहिली. मग म्हणाली, "पोतं उचल. मुदपाकखान्यात आण."

ही बातमी अशी पसरली की विचारू नका! राणीसाहेब घोड्याचं खातात! बाया गालांवर हात मारून घ्यायला लागल्या. आचारीण सगुणाकाकू तर मटकन खालीच बसली. "बाईसाहेब, चूल नाही, आणि करणार काय याचं?"

"लाडू," राणी म्हणाली.

"बिनचुलीचे?"

"बिनचुलीचे."

राणीने पदर खोचला. आधी तिने ओटात गूळ चिरून घातला, ओलं खोबरं खवून घातलं, आणि लाडू वळायला घेतला. लाडू हातातच भसकन फुटला.

मग तिने मध ओतला. भरपूर ओतला. आता लाडू वळेचना, बोटांना चिकटून लोंबायला लागला. सगुणाकाकूने ओढला, राणीने ओढला, दोघींची बोटं एकमेकींत अडकली. एवढ्या दुःखातही काकूला हसू आलं.

मग राणीने थोडा वेळ विचार केला. खजुराच्या बिया काढल्या. खजूर पाट्यावर चांगला वाटला, त्यात चमचाभर तूप घातलं आणि मळून मळून मऊ गोळा केला. मग त्यात मावतील तेवढेच ओट घातले, तीळ घातले, खोबरं घातलं. लाडू वळला आणि हात बाजूला घेतला. लाडू बसला तसाच, गोल, गुळगुळीत. राणीने सगळे लाडू परातीत ठेवले, वर ओलं फडकं टाकलं आणि परात माठांशेजारच्या गारव्यात ठेवली. दुपार कलायच्या आत लाडू छान घट्ट झाले.

परात चौकात आली. सगळं नगर गोळा झालं. पण एकही आई आपल्या मुलाला पुढे सोडेना! कुणी म्हणालं, "शेपूट फुटेल हो पोराला!" कुणी म्हणालं, "खूर येतील!" तेवढ्यात राजा आला आणि गरजला, "राणी! घोड्याचा खुराक, तोही गार, तो आमच्या राजकन्येला?"

राणी म्हणाली, "महाराज, गरम तुम्ही काही ठेवलं आहे का तिच्यासाठी?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. राजाशी असं कधी कुणी बोललं नव्हतं.

तोवर मंजुळाने लाडू उचलला होता. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्यात संपवलाच. सगळे तिच्याकडे बघत होते. तिचे डोळे मिटलेले. मग तिने मान वर केली आणि एकदम,

"हीं-हीं-हीं-हीं-हीं!"

घोड्यासारखी खिंकाळली!

अरे बापरे! बायांनी किंकाळ्या फोडल्या. प्रधानजींची पगडी घरंगळत परातीपर्यंत गेली. राजा तर तिच्या पाठीमागे शेपूट शोधायला लागला. आणि मंजुळा पोट धरून हसत सुटली. "फसवलं! फसवलं! बाबा, काय तुमचं तोंड झालं होतं!"

हसली बघा! कितीतरी दिवसांनी केवडनगरात मूल हसलं. मग काय, आयांचे हात सुटले आणि सगळी पोरं परातीवर तुटून पडली. दोन्ही गालांत लाडू. एका पोराने तर ओलं फडकंसुद्धा चाटलं. आया बघत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

पण मंजुळाने काय केलं सांगू? तिने एक लाडू उचलला आणि ती मुदपाकखान्यात गेली. राजा तिच्यामागे. ती थंड चुलीपुढे बसली, राखेत हात घालून एक खळगा केला आणि त्यात लाडू ठेवला. म्हणाली, "इंगळाबाई, तूही उपाशी असशील ना? आम्हाला तू वाढलंस, तुला कुणीच विचारलं नाही."

राख हलली.

राजाला वाटलं भास झाला. पण पुन्हा हलली. आणि राखेच्या तळातून, मोहरीएवढी, एक लाल टिकली दिसली. इंगळाबाई कुठे गेलीच नव्हती! ओल्या राखेत, चुलीच्या कोपऱ्यात, अंग चोरून, गारठून बसली होती. एवढे दिवस. त्याच्याच घरात.

"इंगळाबाई," राजा म्हणाला, "तू इथेच होतीस?"

"जाणार कुठे रे?" ती इतकं हळू बोलली की राजाला खाली वाकावं लागलं. "माझंही घर हेच. पण तू पाणी ओतलंस, आणि परत कुणी राख उकरूनसुद्धा बघितली नाही."

राजा गुडघ्यांवर बसला. जरीचा अंगरखा राखेत लोळला. त्याने दोन्ही हातांनी ओली राख उपसली, परातीत भरली, पुन्हा उपसली. आचारी दाराशी थिजून उभे होते. राजा राख काढतोय! राजा रडतोय! चूल कोरडी झाली, तसा तो म्हणाला, "चुकलो गं मी. तू म्हणशील तसं. जळ, नाही तर नको जळूस. पण अशी गारठून बसू नकोस."

मग मंजुळाने वाळलेलं गवत सारलं. राजाने फुंकर घातली, हळू, बाळाच्या जखमेवर घालतात तशी. ती मोहरी वाटाण्याएवढी झाली, वाटाण्याची लिंबाएवढी झाली. मग भप्प! लाल लुगडं, पिवळा काठ! नगरात एकेक चूल आपोआप उजळत गेली आणि माणसं पुन्हा रस्त्यावर आली. या वेळी सगळी एकदम बोलत होती.

इंगळाबाईने एकच मागितलं. "आठवड्यातून एक दिवस मला झोपू दे."

राजाने दवंडी पिटवली. तेव्हापासून आठवड्यातला एक दिवस केवडनगरात चूल पेटायची नाही. त्या दिवशी राजा चौकात पाटावर बसायचा, बाह्या सरसावायचा आणि पोरांच्या घोळक्यात लाडू वळायचा. त्याचे लाडू वाकडेतिकडे व्हायचे, पण पोरं तेच आधी उचलायची. मग राजा आनंदात, राणी आनंदात, मंजुळा मोठी होऊन आनंदात. आणि इंगळाबाई राखेची दुलई अंगावर घेऊन दिवसभर ढाराढूर झोपायची.

झाली गोष्ट. ओवी झोपलीसुद्धा. कान्हू, तूही मीट डोळे. लाडू उद्या करू रे, आधी झोप बघू. मीही टेकते जरा.