चोचीतला धागा

ओढ्याकाठच्या जंगलात, एका काटेरी बाभळीवर, एक सुगरण राहत असे. अंडी घालायचे दिवस तोंडावर आले होते आणि घरटं अजून अर्धंच विणून झालं होतं. तरी ती खुशीत होती. गवताचा लांब धागा चोचीत धरायचा, उलटं लटकायचं आणि गाठ मारायची, हे काम तिच्या भारी आवडीचं.

त्याच झाडावर कोतवाल पक्षी पहारा करायचा. कावळ्यांना हुसकावायचं, एवढंच त्याचं काम. पण स्वारीला जिथंतिथं लक्ष घालायची हौस. सुगरणीने धागा उचलला रे उचलला, की हा शेजारच्या फांदीवर हजर. "काय सुगरणबाई, झालं का?" आता कोतवालसाहेबांनी विचारल्यावर गप्प कसं बसायचं? बिचारी म्हणायची, "होतंय, साहेब." आणि बाळांनो, बोलायला चोच उघडली की धागा खाली! नवा धागा आणावा, तोवर पुन्हा तेच, "झालं का?" थोड्याच दिवसांत तिची पार दैना झाली. दाणा गोड लागेना, पान सळसळलं तरी ती दचकू लागली. अंडी उघड्यावर पडणार, या धास्तीने एका दुपारी तिला रडूच कोसळलं.

कोतवाल चपापला. "अहो, मी रागावलो का तुम्हाला? नुसतं विचारलं तर एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"तसं नाही, साहेब," सुगरण म्हणाली. "हा धागा जरा धरा पाहू."

त्याने ऐटीत धरला.

"घट्ट धरलात ना?" तिने विचारलं.

"म्हणजे काय, धरला की," कोतवाल म्हणाला, आणि धागा गिरक्या घेत ओढ्यात जाऊन पडला.

कोतवाल खाली बघतच राहिला. मग ओशाळून हसला, आणि त्याला पाहून सुगरणीलाही हसू फुटलं.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "आता संध्याकाळी काम थांबलं की तुम्हीच काय ते सांगा. मधे काही अडलं तर मात्र हाक मारा." एवढं बोलून तो शेंड्यावर आपल्या जागी जाऊन बसला.

सुगरणीने नवा धागा आणला आणि गाठीवर गाठ बसू लागली. घरटं वेळेत पुरं झालं. पहिलं अंडं त्यात सुखरूप आलं, आणि त्या दिवशी किती दिवसांनी ती पोटभर जेवली.

तात्पर्य : काम करणाऱ्याला घडोघडी हटकलं, तर काम पुढे सरकत नाही आणि त्याचा जीवही थाऱ्यावर राहत नाही.