भाऊसाहेबांची पेशी

एका गावात एक भोळा शिपाई होता. बाकी सगळं गाव हुशार होतं, म्हणून तो चटकन नजरेत भरायचा. गावाचं नाव जांबझरी, शिपायाचं नाव डोमा.

डोमा शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होता, पण तात्पुरता. त्याच्या मागून लागलेले लोक पक्के झाले, पक्के होऊन पोट सुटलं, तरी डोमा तात्पुरताच. पक्कं करणं संस्थेच्या अध्यक्षांच्या, म्हणजे भाऊसाहेब इखारांच्या हातात होतं. आणि शेवंता देणं तिच्या बापाच्या, म्हणजे नथ्थूजीच्या हातात होतं. नथ्थूजीनं डोमाला समोर बसवून सांगितलं होतं, "पोरगी राजी हाय. मलेही तू नापसंत नाई. पण तात्पुरत्या माणसाले मी जन्माची पोरगी कशी देऊ? नोकरी पक्की कर, मी अक्षता टाकतो."

शेवंतावर डोमाचा फार जीव होता. म्हणून त्यानं ठरवलं, शाळेत जो जे सांगेल ते शब्दाशब्दाला धरून करायचं. त्यानं तसंच केलं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. तो आला तेव्हा त्याला हार घातला होता, भाऊसाहेबांनी नारळ फोडला होता आणि त्याला कडेवर घेऊन फोटो काढला होता. मग खराब होऊ नये म्हणून तो कपाटात बंद झाला. पोरं पेशी शिकायची ती पुस्तकातल्या चित्रावरून. चित्र चांगलं होतं. कुणाची काही तक्रार नव्हती.

मग काळमेघ बाई विज्ञान शिकवायला आल्या आणि त्यांनी कपाट उघडायला लावलं. या यंत्रातून पाहायचं असतं, हे कळल्यावर भाऊसाहेबांनाही नवल वाटलं.

बाई वर्गाला सांगू लागल्या, "साडेतीनशे वर्षं झाली. रॉबर्ट हूक नावाचा एक इंग्रज होता. त्यानं बाटलीचं बूच घेतलं, त्याचा पातळ काप केला आणि भिंगाखाली ठेवला. पाहतो तर लहान लहान खोल्या, मधाच्या पोळ्यासारख्या. त्यांच्याकडे मठातल्या साधूंच्या कोठडीला सेल म्हणत. त्यानं या खोल्यांनाही तेच नाव दिलं. आपण म्हणतो पेशी."

डोमा दारातून ऐकत होता. त्यानं विचारलं, "त्या खोल्याईत कोण राहे जी?"

"कोणी नाही. बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. नुसत्या भिंती उरलेल्या."

"रिकाम्या होत्या तर भाड्यानं द्यायच्या."

बाईंनी त्याच्या हातात कांदा दिला. "डोमा, हा कांदा भिंगाखाली ठेव."

डोमानं आख्खा कांदा भिंगाखाली ठेवला. मावेना, तर वरून दाबला. भिंगाला रस लागला आणि पोरांच्या डोळ्यांना पाणी आलं.

"अरे डोमा, असं नसतं करायचं," बाई म्हणाल्या. "जाड वस्तूतून उजेड जात नाही. काही पाहायचं असलं की आधी पातळ काप करायचा."

"आता ध्यानात ठेवतो जी."

पाहायचं म्हटलं की पातळ काप. डोमा दिवसभर घोकत राहिला.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब शाळेत आले. हेडमास्तरांच्या खोलीत बसून चहा प्याले. निघताना म्हणाले, "डोमा, बाहेर माही चप्पल पाहून ये रे."

डोमा गेला. बराच वेळ आला नाही. भाऊसाहेब अनवाणीच बाहेर आले, तर डोमा पायरीवर ब्लेड घेऊन बसलेला. कोऱ्या कोल्हापुरीचे त्यानं काप केले होते आणि काचेवर एकेक मांडले होते. पातळही चांगले झाले होते.

"पाहून रायलो जी," डोमा म्हणाला. "उजव्या पायाची पाहून झाली. डावी बाकी हाय."

भाऊसाहेब गाडीपर्यंत अनवाणी गेले. एप्रिलचं ऊन होतं. फरशीवर ते ज्या चालीनं गेले, तसं नाचताना त्यांना गावानं त्यांच्या पोराच्या वरातीतही पाहिलं नव्हतं.

"अरे डोमा, असं नसतं करायचं," बाई म्हणाल्या. "प्रत्येक गोष्ट कापत सुटू नको. दिसत नसेल तर आयोडीनचा एक थेंब टाकायचा. रंग चढला की स्पष्ट दिसतं."

"आता ध्यानात ठेवतो जी."

दिसत नसेल तर आयोडीन. डोमानं बाटली खिशातच ठेवली.

चार दिवसांनी संस्थेची सभा झाली. भाऊसाहेब खळ घातलेला, कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा घालून आले. मास्तर लोक आपसांत बोलत होते, वेतनाच्या फरकाची गोष्ट निघाली होती. भाऊसाहेबांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ते मोठ्यानं म्हणाले, "मी इथं बसलो हाय. मी तुम्हाले दिसत नाई का?"

डोमा पुढे झाला. माणूस मोठा आहे, एका थेंबानं काय होणार, म्हणून त्यानं आख्खी बाटली खांद्यावरून ओतली.

आता कपड्याची खळ म्हणजे स्टार्च, आणि स्टार्चवर आयोडीन पडलं की ते निळंकाळं होतं. सातवीच्या पुस्तकात हे दिलेलं आहे. सभेतल्या सगळ्या बी.एड. लोकांनी ते शिकवलेलं होतं, पण होताना पाहिलं नव्हतं. त्यामुळे दोन मास्तर कौतुकानं उठून उभे राहिले.

"आता दिसते जी," डोमा म्हणाला. "मागच्या बाकावरूनही दिसते."

"अरे डोमा, असं नसतं करायचं," बाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी कपाळाला हात लावला होता. "जिवंत माणसावर कसले प्रयोग करतोस? जिवंत पेशीला जपायचं असतं. तिला खायला लागतं, पाणी लागतं. मग ती वाढते आणि एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. नवी पेशी काही बाजारातून आणावी लागत नाही. जुनीतूनच नवी निघते."

"आणि थांबते कधी?"

"शहाणी असली की वेळेवर थांबते. थांबायचं विसरली, शेजारच्यांची जागा खात सुटली, की त्याला कॅन्सर म्हणतात."

"आता ध्यानात ठेवतो जी."

आठवड्यानं हेडमास्तरांच्या खोलीतलं घड्याळ बंद पडलं. हेडमास्तर म्हणाले, "डोमा, यातला सेल मेला. दुकानातून नवा घेऊन ये."

सेल म्हणजे पेशी, हे डोमाला आता पाठ होतं. नवी पेशी बाजारातून आणावी लागत नाही, हेही पाठ होतं. त्यानं जुना सेल काढला, वाटीत गुळाचं पाणी केलं, त्यात सेल ठेवला आणि वर ओलं फडकं टाकलं. मग एकाचे दोन व्हायची वाट पाहत बसला. घड्याळ बंद, म्हणून घंटा बंद. घंटा बंद, म्हणून शाळा सुटेना. इतिहासाचे मास्तर एकाच लढाईवर इतका वेळ बोलले की दोन्हीकडचं सैन्य संपलं. शेवटी आयाबाया पोरांना शोधत आल्या, तेव्हा डोमा वाटी घेऊन व्हरांड्यातून धावत येत होता.

"फुगला जी. आता दोन होतेच."

बाईंनी वाटीत पाहिलं, मग डोमाकडे पाहिलं. त्यांना रागही येईना. पोरगा मन लावून शिकत होता, एवढं मन लावून वर्गात कुणीच शिकत नव्हतं.

"अरे डोमा, असं नसतं करायचं. तू आता काहीच करू नको. नुसतं पाहा. जे डोळ्यांना दिसतं तेवढंच सांगायचं, मनचं घालायचं नाही. आकृती काढायची तर जशी दिसते तशी काढायची, आणि प्रत्येक भागाला नाव द्यायचं. नाव नसलेल्या आकृतीला मी शून्य देते."

"आता ध्यानात ठेवतो जी."

इकडे भाऊसाहेब वेगळ्याच काळजीत होते. शाळेच्या खेळाच्या मैदानावर त्यांनी संत्र्याची झाडं लावली होती, आणि काही पालकांनी तालुक्याच्या कोर्टात केस टाकली होती. शाळेच्या बाजूनं बोलायला शाळेचाच माणूस हवा होता. मास्तर लोकांचे एकाएकी गुडघे दुखायला लागले होते. उरला डोमा.

भाऊसाहेबांनी त्याला बोलावलं. "डोमा, उद्या तालुक्याले पेशी हाय. तुले यायचं हाय."

आमच्याकडे कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात. पण डोमाच्या घरात सात पिढ्या कुणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं. त्याला एकच पेशी माहीत होती.

"कोणाची पेशी जी?"

"माही."

"तुमची एकच पेशी हाय?"

"एक कशाची? किती झाल्या. सरतच नाईत. एक झाली की दुसरी निघते."

"निघणारच जी. जिवंत हाय."

भाऊसाहेबांना वाटलं, पोराला केसची बरीच माहिती आहे. त्यांना धीर आला. ते म्हणाले, "नीट ऐक. तिथं विचारतीन, मैदानावर काय हाय? तू सांगजो, बाग नाई, तो विज्ञानाचा प्रयोग हाय. पेशीचा प्रयोग म्हण, बाईनं तुले शिकवलंच हाय. पुढं काही इचारलं तर बाई सांगते तसंच सांगजो. एवढं कर, संध्याकाळी तुही ऑर्डर काढतो. पक्की."

डोमा तिथून जो निघाला तो थेट नथ्थूजीच्या घरी गेला. नथ्थूजीनं नवं धोतर काढलं. शेवंतानं दाराआडून विचारलं, "सांगता येईन ना तुमाले?" डोमा म्हणाला, "सगळं पाठ हाय."

दुसऱ्या दिवशी कोर्टात भाऊसाहेब, त्यांचे वकील, हेडमास्तर, समोरचे वकील, आणि मागच्या बाकावर नव्या धोतरात नथ्थूजी. डोमा पिंजऱ्यात उभा राहिला. पिंजरा त्याला आवडला. चारी बाजूंनी भिंत, मध्ये आपण. पेशी म्हणतात ते हेच असणार.

भाऊसाहेबांच्या वकिलांनी विचारलं, "मैदानावर काय आहे?"

"बाग नाई जी. विज्ञानाचा प्रयोग हाय. पेशीचा."

भाऊसाहेबांनी मान डोलावली. समोरचे वकील उठले. "असं का. काय प्रयोग आहे, जरा समजावून सांग बरं."

डोमानं छाती भरून श्वास घेतला. बाई सांगतात तसंच सांगायचं. दिसतं तेवढंच, मनचं घालायचं नाही, आणि प्रत्येक भागाला नाव द्यायचं.

"पहिले कोपऱ्यात झाडाईची एक ओळ होती जी. एकीच्या दोन झाल्या. दोनाच्या चार, चाराच्या आठ. पेशी अशीच वाढते. मंग भोवताल भिंत झाली. तिले पेशीभित्तिका म्हणते. पोरं आत येऊ नाई म्हणून वर काचा लावल्या हाय. मंग मधात एक पत्र्याची खोली हाय. ते केंद्रक. सगळा हुकूम तिथून सुटते."

"आणि त्या केंद्रकात कोण असतं?"

"भाऊसाहेब असते. संत्र्याच्या तोडीले तर मुक्कामीच असते."

भाऊसाहेबांच्या वकिलांनी खोकून पाहिलं. डोमाला वाटलं, त्यांना सर्दी झाली.

आता न्यायाधीशच पुढे झुकले. "मग पोरं कुठं खेळतात?"

"नाई खेळत जी. जागाच नाई उरली. कबड्डीची जागा मागच्या साली गेली, खो-खोची यंदा. आता पेशी संडासापर्यंत आली हाय."

"थांबणार कुठं?"

डोमानं आठवून पाहिलं. याचंही उत्तर बाईंनी दिलेलं होतं. एकही प्रश्न चुकला नाही, याचा त्याला फार आनंद झाला.

"शहाणी असली तर थांबते जी. नाई थांबली, शेजाऱ्याची जागा खात सुटली, तर त्याले कॅन्सर म्हणते."

न्यायाधीश लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी झाडं काढायचा, भिंत पाडायचा आणि मैदान पोरांना द्यायचा हुकूम केला.

आपला एवढा मोठा प्रयोग सगळ्यांना समजला, म्हणून डोमा हसतमुखानं बाहेर आला. पायऱ्यांवर भाऊसाहेब हेडमास्तरांवर ओरडत होते. डोमाला पाहताच त्यांचा आवाज चिरकला. त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ह्याले काढा. आज. आत्ताच्या आत्ता काढा ह्याले."

डोमा जागच्या जागी थांबला. त्यानं सदऱ्याची गुंडी लावली, केसांवरून हात फिरवला आणि भिंतीला टेकून ताठ उभा राहिला. श्वाससुद्धा जपून घेऊ लागला.

नथ्थूजी धोतर सावरत आला. त्याला लांबून नीट ऐकू आलं नव्हतं. "काय झालं रे? काय म्हणते साहेब? नोकरीचं काय?"

"हलवू नका मले," डोमा ओठ न हलवता म्हणाला. "मले काढून रायले. तुम्ही फक्त हेडमास्तराले सांगा, खाली नाव टाकजा म्हणा. डोमा, पक्का शिपाई. नाव नसलं तर बाई शून्य देते."