गोजराबाईची धामण आणि पाटलाचं हीव

आमच्या तांबेवाडीत नळ यायचे होते आणि उंदीर मात्र आलेले होते, तेव्हाची ही गोष्ट. गावात गोजराबाई गोधड्या शिवायची. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही. घरात चिंध्यांचे ढीग, आणि त्या ढिगांत राहायची एक धामण. तिचं नाव ठकी. तिच्या धाकानं गोजराबाईच्या एका चिंधीलाही कधी उंदराचा दात लागला नाही, असं म्हणतात.

"माझी ठकी मला वळखती," असं बाई सगळ्यांना सांगायची. ती हाका मारून मारून दमायची, आणि ठकी आपल्या मर्जीनं यायची. तरी बाई म्हणायची, "बगा, आली का न्हाई?" मग ठकी तिच्या गोधडीत शिरून निजायची. लोक हसायचे. सापाला कसली आलीय ओळख, म्हणायचे.

त्या साली हैबती पाटलाच्या कणगीत उंदरांनी उच्छाद मांडला. पाटील मोठा बेरकी. म्हणाला, "धामण माझ्या वावरात जन्मली, म्हंजी माझी." गोजराबाईच्या तोंडचं पाणी पळालं. घरात बोलायला ठकीशिवाय तिला होतं कोण? शेवटी पंचांनी ठरवलं, उद्या पारावर धामण सोडायची. ती ज्याला ओळखेल, त्याची.

संध्याकाळी पाटील कुडकुडत बाईच्या दारात आला. "गोजरे, हीव भरलंय. एक गोधडी दे." विकायच्या गोधड्या संपल्या होत्या. बाईनं स्वतःची दिली, वर्षानुवर्षं न धुतलेली, आणि वर सुंठीचा काढा पाजला. आता या भोळेपणाला काय म्हणावं!

दुसऱ्या दिवशी वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं, आणि पाटील गोधडी पांघरून पारावर बसला होता. घामाच्या धारा लागलेल्या. पंचांनी धामणीची टोपली उघडली. गोजराबाईनं हाका मारल्या. ठकीची जीभ लवलवली, तिनं मान वळवली आणि ती सरळ पाटलाकडे गेली. गोजराबाई मटकन खाली बसली. "इसरली गं मला," म्हणाली आणि सगळ्यांदेखत रडली.

पाटलानं मिशीवर ताव दिला. पण ठकीला गोधडीच्या बाहेर थांबायची सवय नव्हती. ती आत शिरली. आतून धोतरात शिरली. मग पाटील असा नाचला, की पाराच्या पिंपळाची पानं झडली, असं म्हणतात. "गोजरे, तुझीच हाय ही! पंचांसमोर सांगतो, तुझीच! काढ हिला!"

बाईनं डोळे पुसले, हात घातला, आणि ठकी निवांत तिच्या हातावर आली. पाटील तिथून पळाला तो थेट ओढ्यापल्याड थांबला. धोतर पारावरच राहिलं.

पंच म्हणाले, "बाई, धामण तुझी खरी. पर तिनं तुला न्हाई, गोधडीला वळखलं."

"मग काय झालं?" गोजराबाई म्हणाली. "मालक अंधाराचं घरी यायचं, तवा मी तरी त्यास्नी कशानं वळखायची? तंबाखूच्या वासानंच की."



अजूनही नागपंचमीला तांबेवाडीत कोणी अंथरूण-पांघरूण धूत नाही. आणि लेक सासरी निघाली, की तिच्या बोचक्यात आईची न धुतलेली गोधडी घालतात. सासरची माणसं नाक मुरडतात. मुरडू देत. पहिल्या रात्री पोरगी ती गोधडी तोंडावर ओढून घेते आणि तिला झोप लागते.